चौथ्या पिढीचा रेणू

१ जानेवारी २००४, गुरुवार. शिरूर.
आजपासून रोजनिशी. खरं तर इंग्रजीत लिहिणार होतो, म्हणजे पुढेमागे कुणाला माझं चरित्र लिहायचं झालं तर सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मला नीट चिडता येत नाही. म्हणून मराठी.
संकल्प असे: डेंड्रिमरची चौथी पिढी मार्चअखेर पूर्ण. मे महिन्यात साखरपुडा, मग लग्न. दिवाळीपर्यंत पीएच.डी. मग चिंगीला बरं करणे. आणि हो, ती ब्लड टेस्ट. किरकोळ आहे, या आठवड्यातच उरकून टाकतो.

४ जानेवारी, रविवार. पाटस.
सुट्टी म्हणून घरी आलो. तेजश्री चिंगीला घेऊन यवतहून आली होती. तेजश्री माझी धाकटी बहीण, चिंगी तिची सहा वर्षांची मुलगी. चिंगीच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही. थॅलेसेमिया. दर तीन-चार आठवड्यांनी पुण्याला नेऊन रक्त चढवावं लागतं.
तेजश्री आत्याच्याच घरी दिलेली. पप्पू दाजी तिचे सख्खे आतेभाऊ, हायवेवर त्यांचा ढाबा आहे. डॉक्टर म्हणाले होते, दोघांच्या रक्तात हा दोष अर्धा-अर्धा आहे, त्याचा त्यांना काही त्रास नाही, पण पोरीला दोन्हीकडून आला आणि पूर्ण झाला. घरातल्या बाकीच्यांनी लग्नाआधी तपासून घ्या, असंही म्हणाले होते. बाकीचे म्हणजे सध्या मी. पाबळच्या मारुतरावमामांची वैजयंता मला करायचं ठरलंय. सख्ख्या मामाची मुलगी, आमच्याकडे यापेक्षा चांगलं स्थळ समजलं जात नाही.
तेजश्रीला डेंड्रिमर समजावून सांगितला. मधे एक गाभा. त्याला फांद्या, प्रत्येक फांदीला आणखी दोन, असं करत करत रेणू गोल भरगच्च होतो. फांद्यांच्या टोकांना जीन चिकटतो. बाभळीच्या काट्यांना मेंढीची लोकर अडकते ना, तसा. मग हे सगळं गाठोडं पेशी गिळते आणि चांगला जीन आत पोचतो. चिंगीच्या पेशींत तो एकदा गेला की रक्त तयार व्हायला लागेल. तेजश्रीने सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "आन् तुझी टेस्ट?"
बायकांना सायन्समध्ये रस निर्माण करणं अवघड आहे.

१२ जानेवारी, सोमवार.
मी शिकवतो त्या कॉलेजच्या लॅबमध्ये कामाला लागलो. पहिली पिढी तयार. (आमच्यात फांद्यांच्या प्रत्येक फेरीला पिढी म्हणतात.) प्रत्येक फेरीनंतर उरलेलं केमिकल पंप लावून संपूर्ण काढून टाकावं लागतं, नाहीतर पुढच्या फांद्या वाकड्यातिकड्या येतात, असं पुस्तकात दिलंय. त्या पुस्तकाच्या लेखकाला लोडशेडिंग माहीत नसावं. पंप चालू केला की लाइट जाते. अर्ध्यावर थांबवलं. माझा हात आता या कामाला चांगला बसलाय, मला अंदाज येतो.
गेणबा शिपाई दारातून डोकावून म्हणाला, सर, मासळी आणलीय का. त्या केमिकलला वास येतो थोडा, कबूल आहे.

२६ जानेवारी, सोमवार.
झेंडावंदनानंतर टेस्टला जाणारच होतो. स्टँडजवळच्या पॅथॉलॉजीपर्यंत गेलोही. तर काउंटरवर माझाच जुना विद्यार्थी. बारावीच्या प्रॅक्टिकलला मी त्याला नापास केला होता. अशा माणसाच्या हातात सुई देणं योग्य वाटेना. पुण्यात करू, तिथे क्वालिटी असते.

८ फेब्रुवारी, रविवार. पाबळ.
मामांकडे जेवायला. मारुतरावमामा सोसायटीचे चेअरमन, त्यांच्यासमोर कुणी फारसं बोलत नाही. टेस्टचा विषय आईनेच भीत भीत काढला. मामा म्हणाले, आमच्या घरात असलं काही नाही, पोरीचं रक्त तपासलं हे गावाला कळलं तर उद्या तिच्याकडे कोण बघेल. मग चिंगीचं काय, असं आईने विचारलं. त्यावर म्हणाले, ते यवतचं पाणी.
शास्त्रीयदृष्ट्या हे चूक आहे. पण थोरांचा शब्द मोडणं मला पटत नाही. शिवाय मी विचार केला, तेजश्री आणि दाजींचं नातं वडिलांच्या बाजूचं. म्हणजे दोष तिकडचा. मामा आईच्या बाजूचे. तेव्हा इकडे प्रश्नच नाही. (आई आणि वडीलही नात्यातलेच होते, आमच्या पाच गावांत सगळी सोयरीक आपापसातच. पण तेवढ्या खोलात जायचं तर माणसाने लग्नच करू नये.)
वैजयंता दूध डेअरीत फॅट काढायचं काम करते. इथल्या तांत्रिक शाळेत शिकली. वाढताना सहज म्हणाली, शाळेत आम्ही मुली एकमेकींच्या बोटाला टोचून रक्तगट काढायचो, काही वाटायचं नाही. मग विचारलं, तुमची झाली का तपासणी. मी म्हणालो, चालू आहे.
म्हणजे त्या दिशेने विचार चालू आहे, अशा अर्थाने.

२ मार्च, मंगळवार.
तिसरी पिढी पूर्ण! वजन केलं. हिशेबाने जास्तीत जास्त जेवढा माल मिळू शकतो, त्याच्या एकशेबारा टक्के मिळाला. आमच्या गाइडना आयुष्यात कधी नव्वदच्या वर गेलेलं मी पाहिलं नाही. शंभराच्या वर कसं, हा प्रश्न कुणी विचारलाच तर उत्तर तयार ठेवायला हवं. तूर्त आनंद.
वास अजून आहे. गेणबा आता लॅबच्या बाहेर स्टूल टाकून बसतो.

१५ मार्च, सोमवार.
तेजश्रीचा फोन. टेस्ट झाली का. तिला सांगितलं की मी सध्या परीक्षांच्या गडबडीत आहे, आणि माझ्या नसा फार बारीक आहेत. ती म्हणाली, चिंगीच्या किती बारीक असतील दादा. या फोनवर नेमकी अशा वेळी खरखर का येत नाही कळत नाही.

२८ मार्च, रविवार.
चौथी पिढी! संकल्पाप्रमाणे मार्चअखेर! शेवटी शेवटी थोडी घाई केली. बाटली थर्मासमध्ये घातली, आइस्क्रीमवाल्याकडून बर्फ घेतला आणि शिरूर-पुणे गाडीच्या ड्रायव्हरकडे दिली. पुण्यात अनिस उतरवून घेणार. अनिस यवतचा, माझा बीएस्सीचा मित्र, आता एका संस्थेत पेशी वाढवतो. तो माझ्या रेणूला एक जीन चिकटवून पेशींवर टाकणार. हा जीन आत पोचला की पेशी हिरव्या चमकतात. चिंगीचा जीन नव्हे, आधी हा चाचणीचा. पण पोचवणारा पोचला की काय पोचवायचं हा तपशील.
ड्रायव्हरने विचारलं, दही आहे का. म्हटलं, भविष्य आहे. तो म्हणाला, सांडलं तर मी जबाबदार नाही.

६ एप्रिल, मंगळवार. पुणे.
सुवर्णाक्षरांनी लिहायचा दिवस. अनिसच्या मायक्रोस्कोपमध्ये डोळा लावला. अंधारात हिरवे ठिपके. भरपूर. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मला रडायची सवय नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.
अनिस म्हणत होता, थांब, कंट्रोल अजून बघायचाय. म्हणजे जीन न चिकटवता नुसता रेणू टाकलेल्या पेशी. त्या चमकल्या नाहीत तरच हे खरं. मी म्हटलं, बघ सावकाश. ही संस्थांमधली माणसं, चांगलं काही दिसलं की आधी संशय घेतात.
खाली एसटीडी बूथवरून तेजश्रीला फोन केला. सांगितलं, झालं. पोचलं आत. तिला हुंदका आला.

१८ एप्रिल, रविवार. यवत.
दाजींनी माझी बातमी हायवेवरच्या सगळ्या ढाब्यांवर पोचवलीय. तालमीच्या ओट्यावर माझा सत्कार झाला. शाल, नारळ. निवेदक म्हणाला, आपल्या भागाच्या या सुपुत्राने रक्ताचा शोध लावला. थोडी चूक आहे, पण व्यासपीठावर दुरुस्त करणं बरं दिसत नाही.
वैजयंताचा आणि माझा साखरपुडा तीस मेला ठरला. टेस्टबद्दल आता कुणी विचारत नाही. विचारायचं कारणच काय? समजा दोघांत दोष निघाला, समजा मूल तसं झालं, तरी तोवर माझं औषध असेलच. टेस्ट ही औषध नसलेल्यांसाठी असते. ही गोष्ट इतकी साधी आहे की आधी कशी सुचली नाही याचं आश्चर्य वाटतं.
चिंगी मांडीवर येऊन बसली. तिने विचारलं, मामा, तुझं औषध गोड हाय का? म्हटलं, हो.
दाजींनी तिच्या गोळ्या बंद केल्यात, असं जेवताना कळलं. सारखं रक्त चढवलं की अंगात लोह साठतं, ते काढायच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी सांधे दुखतात म्हणून ती रडायची. दाजी म्हणाले, आता मामाचं औषध येतंय, मग कशाला पोरीचे हाल. जरा घाई होतेय असं मला वाटलं. पण सगळे खुशीत होते. पुढच्या वेळी सांगेन.

२७ एप्रिल, मंगळवार.
अनिसचा फोन. कंट्रोलही चमकला. तेवढाच हिरवा.
मी म्हटलं, म्हणजे माझा रेणू जीनशिवायही काम करतो?
अनिस म्हणाला, "खंडू, त्या पेशी मेल्यात. मेलेल्या पेशी अशाच चमकतात. तुझ्या मालात न धुतलेलं केमिकल आहे, फांद्या तुटक्या आहेत. त्यानं पेशींना भोकं पाडली रे. आत काही पोचलं नाही, आतलं होतं ते बाहेर आलं."
एकशेबारा टक्क्यांबद्दलही बोलला. वरचे सगळे टक्के त्या केमिकलचेच असणार म्हणे. नीट धू, सहा महिने लागतील, पण होईल, आणि झालं तरी ते बशीतल्या पेशींत. माणसापर्यंत यायला किती वर्षं जातील ते जगात कुणालाच माहीत नाही.
अनिस चांगला मुलगा आहे, पण निराशावादी. लग्नाला बोलवावं की नाही, विचार करतो.

२ मे, रविवार.
यवतला जाऊन सांगणार होतो. ऊन फार. शिवाय शाल परत करावी लागेल की काय, अशी एक विचित्र शंका मनात आली. योग्य वेळ पाहून सांगू. संशोधनात अपयश हा टप्पा असतो आणि टप्पे घरच्यांना सांगायचे नसतात.

९ मे, रविवार.
यवतला जाणार होतो. चौफुल्याला गाडी चुकली. पुढची होती, पण उभं राहून जावं लागलं असतं.

१४ मे, शुक्रवार.
तेजश्री एकटीच शिरूरला आली. कॉलेजला सुट्टी, लॅबमध्ये मी एकटा. पुण्याला चिंगीची तपासणी झाली, लोह फार वाढलंय. गोळ्या बंद केल्या म्हणून डॉक्टर दाजींना सगळ्यांसमोर बोलले. दाजी दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिले, उठेचनात.
मी तिला टप्प्यांबद्दल सांगायला लागलो. तिने मधेच थांबवलं.
"दादा, एकच सांग. औषध झालंय का न्हाई?"
म्हटलं, तत्त्वतः—
"व्हय का न्हाई?"
मी म्हटलं, अजून नाही.
मला वाटलं ती ओरडेल. ओरडली नाही. टेबलावरच्या बाटलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, आई म्हणून माझी चूक आहे, मी पण हुरळले. ते फार वाईट वाटलं. ओरडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.
जाताना विचारलं, कुठे निघालीस. म्हणाली, पाबळला.

१५ मे, शनिवार.
गोळ्यांचं त्या सत्काराच्या दिवशीच बोलायला हवं होतं. दिवसभर तेच डोक्यात. लॅब झाडली. बाटल्या धुतल्या. या वेळी नीट धुतल्या.

२४ मे, सोमवार.
सकाळी गेणबा सांगत आला, पाहुण्या आल्यात. वैजयंता. एकटी. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रिपोर्ट.
तेजश्रीने तिला सगळं सांगितलं होतं. त्याच आठवड्यात ती पुण्याला जाऊन रक्त देऊन आली. मामांना न विचारता. आणि रिपोर्ट आल्यावर तो घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवला. मामा दोन दिवस जेवले नाहीत.
"माझ्यात हाय," ती म्हणाली. "अर्धा. आता तुमचं सांगा."
मी तिला स्टूल दिलं. डेंड्रिमर समजावून सांगायला घेतला. गाभा, फांद्या, बाभळीचे काटे. फळ्यावर चित्रही काढलं, चांगलं आलं होतं. तिने सगळं बघितलं.
"हे कवा हुईल?"
म्हटलं, दहा वर्षं. पंधरा.
"टेस्टला किती येळ लागतो?"
मी म्हटलं, पण माझ्या नसा—
ती उठून दारात उभी राहिली. स्टँडजवळची पॅथॉलॉजी कॉलेजपासून चालत जवळच आहे. मी तिच्या मागून गेलो. काउंटरवर तोच माझा विद्यार्थी. त्याने सर म्हणून वाकून नमस्कार केला, हाताला रबर बांधलं, आणि पुढचं मला नीट आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा बाकड्यावर आडवा होतो आणि वैजयंता रिपोर्टच्या पिशवीने वारा घालत होती. उन्हामुळे असावं. शिवाय नाश्ता झाला नव्हता.
ती बसमध्ये चढताना म्हणाली, रिपोर्ट आला की कळवा. साखरपुड्याबद्दल काही बोलली नाही.

३१ मे, सोमवार.
रिपोर्ट आला. नॉर्मल! माझ्यात काही नाही!
मी म्हणतच होतो. पहिल्यापासून म्हणत होतो. माणसाला स्वतःच्या रक्ताचा अंदाज असतो. जानेवारीतच केली असती तर एवढा गोंधळ झालाच नसता, असं कुणी म्हणेल. पण त्या वेळी घाई करायचं काही कारण नव्हतं.
एकात असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर मूल चिंगीसारखं होत नाही. म्हणजे लग्नाला काहीच हरकत नाही. तिच्यात दोष असूनही मी तिला स्वीकारणार आहे. सगळे काही असं करत नाहीत. कालचा साखरपुडा हुकला, तर पुढचा मुहूर्त. गुरुवारी पेढे घेऊन पाबळला जातो.

३ जून, गुरुवार. पाबळ.
मामा ओट्यावर बसले होते. एकदम म्हातारे दिसायला लागलेत. मला म्हणाले, तुम्हीच तिला सांगा प्रोफेसर, माझं ती ऐकत नाही.
वैजयंता डेअरीतून आली. मी पेढे पुढे केले, रिपोर्ट दाखवला. तिने वाचला, बरं झालं म्हणाली, आणि ते खरंच मनापासून म्हणाली. मग मी सांगितलं की तिच्यात दोष आहे तरी माझी काही तक्रार नाही, मी मोठ्या मनाने विचार करणारा माणूस आहे.
ती हात पुसत उभी होती.
"तुमचं रक्त चांगलं हाय," ती म्हणाली. "पण चिंगीच्या गोळ्या बंद झालेल्या तुम्हाला ठावं व्हतं. तुम्ही बोलला न्हाई. उद्या माझं लेकरू तापानं फणफणलं, तर तुम्ही मला फळ्यावर चित्र काढून दाखवाल. मला ते जमायचं न्हाई."
मी म्हटलं, तापाचं वेगळं असतं. ती म्हणाली, वेगळं नसतं.
पेढ्यांचा बॉक्स तसाच कट्ट्यावर राहिला. परत मागणं बरं दिसेना.
बसमध्ये विचार करत होतो की तिला दोन दिवसांत पश्चात्ताप होईल. शिक्रापूरपर्यंत तसंच वाटत होतं.

६ जून, रविवार.
पश्चात्तापाची काही बातमी नाही.

१३ जून, रविवार.
यवतला जाऊन आलो. उभ्याने गेलो. शाल परत द्यायला नेली होती, कुणी घेतली नाही. म्हणाले, थंडीत होईल. ढाब्यावर दाजींना सांगितलं, माझं चुकलं, औषध नाही, मला एप्रिलपासून माहीत होतं. दाजींनी बराच वेळ चहाचा कप फिरवला. मग म्हणाले, गोळ्या परत चालू केल्यात, ती रडते पण घेते.

२१ जून, सोमवार. पुणे.
चिंगीचा रक्त चढवायचा दिवस. ब्लड बँकेत एक पिशवी घेतली की बदली रक्तदाता द्यावा लागतो. आजवर दाजींचे भाऊ, ढाब्यावरची पोरं, अनिससुद्धा देऊन गेलाय. मी कधीच नाही. तेजश्रीने मला विचारलंही नव्हतं. आज मीच गेलो.
वजन केलं, बोटाला टोचलं. घाम आला. चिंगी तेजश्रीचा हात सोडून माझ्या खाटेपाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, सुईकडं बघायचं न्हाई मामा, पंख्याकडं बघ. मी पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता. तरी बघत राहिलो.
पिशवी भरायला फार वेळ लागला नाही. माझ्या अख्ख्या चौथ्या पिढीपेक्षा जास्त काहीतरी त्यात होतं, हे लिहायला मला आवडत नाही, पण होतं.
मग चहा आणि बिस्किटाचा पुडा दिला. चिंगीने पुडा फोडला, एक स्वतः घेतलं, एक मला दिलं. आणि विचारलं,
"मामा, तुझं औषध झालं?"
म्हटलं, नाही झालं.
"मग पुढच्या टायमालाबी सुईच?"
म्हटलं, हो. सुईच.
तिने मान हलवली आणि बिस्किट चहात बुडवलं. ते कपात पडलं. दुसरं घेतलं.
आज आणखी काही नाही.